रडणं थांबलं, पण खाली उतरणंही थांबलं

‘माझी मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. दीड वर्षापूर्वी क्लासहून येताना गल्लीतला एक कुत्रा तिच्या अंगावर धावून आला. चावला नाही, पण ती पडली, दोन्ही गुडघे फुटले. त्यानंतर महिनाभर रोज रडारड. जिना उतरायचा म्हटलं की माझा हात इतका घट्ट धरायची की नखं रुतायची. आता ती रडत नाही. पण क्लासला तिचे बाबा स्कूटरवरून दारापर्यंत सोडतात आणि दारातून घेऊन येतात. खाली खेळायला जात नाही, “मला चित्रं काढायला जास्त आवडतं” म्हणते. कोपऱ्यावरच्या दुकानातून काही आणायचं असलं की आजी जातात. माझ्या माहेरी अंगणात कुत्रा आहे, म्हणून या दिवाळीत आम्ही गेलोच नाही. परवा शाळेच्या सहलीचा कागद मिळाला होता, तो तिनं दप्तरातून बाहेरच काढला नाही. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी ४१ प्रश्नांचा एक फॉर्म तिच्याकडून भरून घेतला. ८२ पैकी १४ गुण आले, काळजीचं कारण नाही म्हणाल्या. घरचेही म्हणतात, पोरगी बरी झाली, आता तूच तिला सारखी आठवण करून देऊ नकोस. मला मात्र ती बरी झाल्यासारखी वाटत नाही. पण हे सांगू कसं? ताप असता तर थर्मामीटर लावून दाखवला असता.’
– एक आई, सांगली

ताई,

तुम्हाला जे वाटतंय त्यात तथ्य आहे, हे आधी सांगून टाकते. म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमच्या पत्रात ‘आता ती रडत नाही’ हे एक वाक्य आहे. त्याच्यापुढे ती आता जे करत नाही अशा पाच गोष्टी आहेत: क्लासला चालत जाणं, खाली खेळणं, दुकान, आजोळ, सहल. घरच्यांना पहिलं वाक्य दिसतंय, तुम्हाला पुढच्या पाच गोष्टी दिसताहेत. ती रडत नाही, कारण रडण्याची वेळच तिच्यावर येत नाही. कुत्रा दिसेल अशी एकेक वाट तिनं सोडून दिली, आणि ज्या तिला एकटीला सोडता येत नव्हत्या त्या तुम्ही सगळ्यांनी मिळून, मायेपोटीच, बंद करून दिल्या. घर शांत झालं. पण दीड वर्षात तिचं जग एका गल्लीनं, एका अंगणानं आणि एका गावानं लहान झालं.

आता त्या फॉर्मबद्दल. ४१ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण ८२, म्हणजे ही ‘स्कॅर्ड’ नावाची प्रश्नावली असणार. अमेरिकेत पिट्सबर्गच्या बोरिस बर्माहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९७ साली मांडली, आणि ४१ प्रश्नांचं आजचं रूप १९९९ चं. २५ किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढची तपासणी करावी असा संकेत आहे. प्रश्नावली चांगली आहे, मीही वापरते. पण तिच्यात पाच प्रकारच्या गोष्टी विचारल्या जातात: एकाएकी घाबरून जाण्याचे झटके, सतत कसली ना कसली काळजी, आईबाबांपासून दूर राहण्याची भीती, लोकांमध्ये बुजणं आणि शाळेची भीती. कुत्रा, वीज, इंजेक्शन, उंची अशा एखाद्याच ठरावीक गोष्टीच्या भीतीचा भाग तिच्यात नाही. तुमच्या मुलीला जे होतंय ते तिला विचारलंच गेलं नाही. बाईंना मी दोष देत नाही. शाळेतल्या मुलांमधल्या इतर चिंता हुडकायला तो फॉर्म योग्यच आहे, आणि त्यातून तुम्हाला एक चांगली बातमी मिळाली आहे. इतर बाबतीत तुमची लेक बरीच सावरलेली आहे.

समजा, कुत्र्यांबद्दल विचारलं असतं, तरी एक अडचण राहिलीच असती. चिंतेच्या बहुतेक प्रश्नावल्या विचारतात की भीती वाटते का, छातीत धडधडतं का, पोटात गोळा येतो का. ज्या मुलीनं आपला सगळा दिवस कुत्रा समोर येणारच नाही असा बसवून घेतलाय, ती या प्रश्नांना अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. ती खोटं बोलत नाही. तिला खरंच धडधडत नाही. पीटर लँग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात हे नीट मांडून ठेवलं आहे की भीती तीन ठिकाणी दिसते, बोलण्यात, शरीरात आणि वागण्यात, आणि ही तिन्ही एकाच वेळी वरखाली होतील असं नाही. तुमच्या मुलीचं बोलणं म्हणतंय ‘मी ठीक आहे’, शरीरही गप्प आहे, आणि वागणं मात्र दिवसभर ओरडून सांगतंय. म्हणून मोजायचं ते वागणं. ती किती घाबरते यापेक्षा ती काय काय टाळते, हे.

टाळल्यानं भीती वाढते कशी, हे घरच्यांना सांगायला तुम्हाला उपयोगी पडेल. होबार्ट मॉवरर यांनी १९४७ साली याची दोन पावलांत मांडणी केली. पहिलं पाऊल म्हणजे तो प्रसंग: कुत्रा अंगावर आला, भीती बसली. दुसरं पाऊल रोजचं. खाली जायचं टाळलं की क्षणात हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणं हेच टाळण्याचं बक्षीस ठरतं. रोज बक्षीस मिळालं की सवय पक्की होते. शिवाय कुत्र्याजवळून जाऊनही काही झालं नाही, हा अनुभव येण्याची वाटच बंद होते. आपल्याकडे म्हणतात ना, दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. फुंकून पिणारा निदान ताक पितो तरी, त्याला एक दिवस कळतं की हे गार आहे. ज्यानं प्यायचंच सोडलं त्याला ते कसं कळणार?

यावर पुढे मोजमापही झालं. मेयो क्लिनिकचे स्टीफन व्हाइटसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मुलांचं टाळणं तेवढंच मोजणाऱ्या दोन छोट्या प्रश्नावल्या प्रसिद्ध केल्या. एक मुलांनी भरायची, एक पालकांनी, प्रत्येकीत फक्त आठ प्रश्न. ७ ते १८ वर्षांच्या आठशेहून जास्त मुलांची माहिती त्यात होती. त्यातून हाती आलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज चिंता किती आहे हे हिशेबात धरूनही, जी मुलं जास्त टाळत होती ती पुढे सुमारे वर्षभरानं जास्त चिंताग्रस्त आढळली. म्हणजे आज दोन मुलं सारखीच घाबरट असली तरी जो टाळतोय त्याची मला जास्त काळजी वाटायला हवी. त्या प्रश्नांमध्ये ‘नकोच’ म्हणणं येतं, तसं ‘नंतर करू’ म्हणणंही येतं. हे लक्षात ठेवा. मुलं क्वचितच सरळ नाही म्हणतात. ती म्हणतात उद्या, आत्ता नको, माझं चित्र राहिलंय.

आता तुमचा थर्मामीटर.

एक शंभर पानी वही घ्या. पहिले दोन आठवडे घरात काहीही बदलू नका. समजावणं नाही, आग्रह नाही, बक्षीस नाही. फक्त लिहायचं. आणि लिहायचं ते टाळण्याचे प्रसंग नव्हेत, तर संधीचे प्रसंग. ही चूक पुष्कळ आई-वडील करतात. ‘या आठवड्यात दोनदाच नाही म्हणाली’ असं ते आनंदानं सांगतात, आणि मी विचारते की विचारलं कितीदा, तर उत्तर येतं, दोनदाच. मग ते दोनपैकी दोन झालं. घरातल्या माणसांना सवय होऊन गेलेली असते, ती विचारायचंच सोडून देतात, आणि कागदावर मूल सुधारल्यासारखं दिसतं. म्हणून खाली जायची, बाहेर पडायची, कुणाकडे जायची वेळ जितक्यांदा आली तितक्यांदा एक ओळ. तुमच्या पत्रावरून मी अंदाजानं तीन ओळी लिहून दाखवते.

‘मंगळवार, संध्याकाळी साडेपाच. कोथिंबीर आणायला सांगितली. “आजी, तू जाशील?” आजी गेली.’

‘बुधवार. मैत्रीण बोलवायला आली. “आज चित्र पूर्ण करायचंय.” गॅलरीतून बोलली, खाली गेली नाही.’

‘शनिवार. बाबांबरोबर दुकानापर्यंत गेली. बाबांच्या आतल्या बाजूनं, शर्ट धरून. कुत्रा नव्हता. चार मिनिटं.’

या तिन्ही ओळी वेगळं काही सांगतात. बुधवारची ओळ सगळ्यात फसवी. चित्रं काढण्याची आवड खरी असेलही, पण ती आवड कोणत्या वेळी जोर धरते ते वहीतून कळेल. रविवारी दुपारी, जेव्हा कुणी बोलवत नाही, तेव्हाही ती चित्र घेऊन बसते का? की मैत्रिणीची हाक आली की मगच रंगपेटी उघडते? दोन आठवड्यांची पानं समोर ठेवलीत की तुमचं तुम्हालाच दिसेल. शनिवारच्या ओळीला घरचे ‘गेली की!’ म्हणतील. मी तिला ‘अर्धं’ म्हणते. गेली, पण शर्ट धरून, आतल्या बाजूनं, भराभर. यात मुलीची लबाडी नाही, तो तिचा आधार आहे. पण तो लिहिला नाही तर पुढे तिनं शर्ट सोडून चार पावलं टाकली हे तुम्हाला कळणारच नाही, आणि मला विचाराल तर खरी प्रगती बहुतेक वेळा त्या चार पावलांतच असते. प्रत्येक ओळीपुढे ‘टाळलं’, ‘अर्धं’ किंवा ‘केलं’ यातला एक शब्द टाका. दोन आठवड्यांनी मोजा. समजा वीस वेळा संधी आली, पंधरा वेळा टाळलं, चार अर्धी, एक पूर्ण. हा तुमचा आकडा. ताप १०२ आहे हे सांगण्याइतकाच तो सरळ आहे, आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला तर वाद मिटवतो.

वही मुलीपासून लपवू नका. ‘तू काय काय करतेस ते मी लिहितेय, आपण मिळून यातून रस्ता काढणार आहोत’ इतकं सांगा. गुपचूप लिहिलेली वही तिच्या हाती लागली तर विश्वास तुटेल, आणि तो पुन्हा जोडायला फार दिवस लागतात.

प्रत्येक घराला आपलं माप आपल्याच वस्तूंमध्ये शोधता येतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सातवीतला एक मुलगा येत असे. शाळेत शांत, गुणी, कसलीच तक्रार नाही. आई फक्त एवढंच म्हणाली की उन्हाळ्यातही ह्याची पाण्याची बाटली भरलेलीच घरी येते. खोदून विचारल्यावर कळलं की वर्गात सगळ्यांदेखत उभं राहून ‘बाथरूमला जाऊ का’ विचारायची त्याला इतकी धास्ती होती की तो पाणीच पीत नव्हता. त्याच्या बाटलीवर आम्ही मार्करनं चार रेघा मारल्या. रोज संध्याकाळी पाणी कुठल्या रेघेवर आहे ते आई लिहायची. त्यानं भरलेल्या कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा त्या चार रेघांनी मला जास्त सांगितलं. पाणी तिसऱ्या रेघेखाली गेलं त्या आठवड्यात त्यानं वर्गात पहिल्यांदा हात वर केला होता.

दुसरं माप थोडं तयारीनं घ्यायचं आहे, आणि ते वहीनंतर. याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, तीन वर्षंही पूर्ण न झालेल्या मुलाची सशाची भीती घालवली. त्यांनी त्याचं सशाजवळ येणं सतरा पायऱ्यांत मांडलं होतं. सुरुवातीला पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठेही असला तरी पीटर घाबरायचा. शेवटच्या पायरीवर ससा त्याची बोटं हलकेच कुरतडत होता आणि तो हसत होता. पुढे १९६३ मध्ये लँग आणि डेव्हिड लाझोविक यांनी सापाला घाबरणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काचेच्या पेटीतल्या निरुपद्रवी सापाकडे चालत जायला सांगितलं आणि ते कुठे थांबतात ते मोजलं. आजही ही चाचणी तशीच केली जाते. माणूस काय म्हणतो हे बाजूला ठेवून पाय कुठे थांबले ते बघायचं.

तुम्हाला फूटपट्टीसुद्धा लागणार नाही. ओळखीच्या कुणाकडे शांत स्वभावाचा, लस दिलेला पाळीव कुत्रा असेल तर त्यांना विनंती करा. लांब व्हरांडा किंवा पार्किंग हवं, फरशी असलेलं. एका टोकाला मालक कुत्र्याला साखळीला धरून बसवतील. दुसऱ्या टोकाला तुम्ही दोघी. तिला सांगा, ‘तुला जिथपर्यंत जावंसं वाटेल तिथपर्यंत जा आणि थांब. मागे फिरलीस तरी चालेल.’ ती थांबली की मधल्या फरशा मोजा आणि विचारा की भीती शून्य ते दहामध्ये किती. कागदावर थर्मामीटरचं चित्र काढून दिलंत तर ती बोट ठेवून दाखवेल, लहान मुलांना आकड्यापेक्षा ते सोपं जातं. वहीत लिहा: ‘नऊ फरशा, भीती आठ.’ झालं. परत या, सरबत प्या.

इथे एक कडक पथ्य आहे. हे माप आहे, उपचार नव्हे. ‘अजून एकच फरशी, शाब्बास, बाळा’ असं एकदाही म्हणायचं नाही. ओढलं की आकडा तिचा राहत नाही, तुमचा होतो, आणि पुढच्या वेळी ती व्हरांड्यातच येणार नाही. महिन्यातून एकदाच घ्या. आणि ओळखीत असा कुत्राच नसेल तर नाद सोडा, वही पुरेशी आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यावर हा प्रयोग कधीही करायचा नाही, हे मुद्दाम वेगळं लिहिते. आपल्या गावांत भटक्या कुत्र्यांचा धोका खरा आहे, रेबीज खरा आहे. अनोळखी कुत्र्याला हात न लावणं, पिल्लं असलेल्या कुत्रीपासून लांब राहणं, कळप दिसला की वाट बदलणं, हा शहाणपणा आहे आणि तो तिनं आयुष्यभर ठेवावा. कधी चावलंच किंवा ओरखडलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे तिलाही सांगून ठेवा. काय करायचं ते माहीत असलं की भीतीला थोडा लगाम बसतो. सावधपणा आणि टाळणं यातला फरक मी एकाच गोष्टीवरून ठरवते. सावध मूल कुत्र्याला वळसा घालून खेळायला पोचतं. टाळणारं मूल कुत्रा नसतानाही घरी राहतं. सहलीचा कागद दप्तरात राहिला, तिथे कुठे कुत्रा होता?

आता ‘आजी गेली’ या दोन शब्दांकडे येते. मंगळवारच्या ओळीतले सगळ्यात महत्त्वाचे शब्द तेच आहेत. मूल एकटं टाळू शकत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला टाळायला मोठ्या माणसांची मदत लागते, कुणीतरी स्कूटर काढावी लागते, कुणीतरी कोथिंबीर आणावी लागते, कुणीतरी दिवाळीचं तिकीट रद्द करावं लागतं. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी घरच्यांची ही मदत मोजण्यासाठीच एक स्वतंत्र मापनपट्टी केली आहे. पुढे त्यांनी १२४ मुलांच्या कुटुंबांबरोबर अभ्यास केला. काही मुलांना थेट उपचार दिले, आणि काहींच्या बाबतीत मुलाला भेटलेच नाहीत, फक्त आई-वडिलांना शिकवलं की भीतीला आपण जो हातभार लावतो तो हळूहळू कमी कसा करायचा. दोन्ही गटांतल्या मुलांना सारखाच फायदा झाला. मी हे सांगते ते तुम्हा कुणाला अपराधी वाटावं म्हणून नाही. किल्ली तुमच्या हातात आहे, म्हणून सांगते.

तर वहीत प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहा की तिच्याऐवजी कुणी काय केलं. दोन आठवड्यांनी त्यातली एकच गोष्ट निवडा. एकच. सगळ्या आधाराच्या काठ्या एका दिवशी काढल्या तर ती कोसळेल आणि तुम्हीही. मी तुमच्या जागी असते तर दुकान निवडलं असतं, कारण ते जवळ आहे, रोजचं आहे आणि त्यात सासूबाईंना सामील करून घेता येतं. त्यांना ‘तुम्ही तिला लाडावून ठेवलंत’ असं म्हणू नका, ते खरंही नाही. वही त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, ‘आई, पहिला आठवडा तुम्ही तिच्याबरोबर खालच्या फाटकापर्यंत जाल का?’ आजीनं तिच्याऐवजी जायचं नाही, तिच्याबरोबर जायचं. पहिल्या आठवड्यात फाटक, मग आजी फाटकाशी उभी आणि ती विजेच्या खांबापर्यंत, मग दुकानाच्या पायरीपर्यंत आजी नजरेच्या टप्प्यात. पायऱ्या तिलाच ठरवू द्या, आणि जी पायरी जमली ती तीन-चार दिवस परत परत करा. बदल सुरू करण्याच्या आदल्या दिवशी तिला नीट सांगा. अशा वेळी दोन गोष्टी एकत्र बोलायच्या असतात. ‘तुला भीती वाटतेय हे मला कळतंय. आणि तुला हे जमेल, हेही मला माहीत आहे.’ नुसतं पहिलं वाक्य बोललात तर ती तुमच्या कुशीत शिरेल, नुसतं दुसरं बोललात तर तिला वाटेल आईला काही कळतच नाही.

यानंतर एक गोष्ट घडेल आणि त्यासाठी मला तुमची आतापासून तयारी करून ठेवायची आहे. ती पुन्हा रडेल. भीतीचा आकडा शून्यावरून सातवर जाईल. घरचे म्हणतील, बघ, चांगली बरी झालेली पोर तू पुन्हा घाबरवून ठेवलीस. त्या दिवशी वही उघडा. भीती वाढलेली दिसेल, पण ‘टाळलं’ पंधरावरून अकरावर आलेलं असेल आणि ‘अर्धं’ चारचं सात झालेलं असेल. आधी पाय पुढे जातात, मन मागून येतं. काही आठवड्यांनी भीतीचा आकडाही उतरायला लागतो. हे दोन आकडे वेगवेगळे लिहिलेले नसले की नेमक्या याच वळणावर घरं माघार घेतात, आणि मुलाला मात्र कळतं की पुरेसं रडलं की आजी जाते. म्हणून मी तुम्हाला इतकं लिहायला लावतेय.

तिचे बाबा आणि तुम्ही वेगवेगळे आकडे सांगाल, तिचा तिसराच असेल. त्यावरून भांडू नका. संध्याकाळी सातला मूल जसं वागतं तसं सकाळी साडेसहाला वागत नाही, आणि ती बाबांबरोबर जे धाडस करते ते तुमच्याबरोबर करणार नाही. दोघांचंही लिहा.

दोन महिन्यांत ‘टाळलं’चा आकडा हललाच नाही, किंवा ती शाळा बुडवायला लागली, झोप-जेवण बिघडलं, ‘मला जगावंसंच वाटत नाही’ असं काही बोलली, तर वाट पाहू नका. शेवटचं वाक्य ऐकलंत तर त्याच दिवशी. तिथे सांगलीत बालमानसोपचाराचा अनुभव असलेले डॉक्टर किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ गाठा. ‘टेली-मानस’ ही सरकारी मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, मराठीत बोलता येतं, कुणाकडे जायचं तेही विचारता येतं. जाताना वही बरोबर न्या. एखाद्याच गोष्टीच्या भीतीवरचे उपचार लांबलचक नसतात. स्वीडनच्या लार्स-गोरान ऑस्ट यांनी तर तीन तासांपर्यंतच्या एकाच बैठकीत ते करण्याची पद्धत बसवली आणि मुलांवरही ती उपयोगी ठरली आहे. अर्थात ते शिकलेल्या माणसाचंच काम.

सहल कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. कागद मात्र आजच दप्तरातून काढून फ्रिजवर लावा. त्यावर चर्चा नको, फक्त समोर असू दे. जायचं की नाही हे शेवटच्या तारखेला ठरवता येईल, आणि यावेळी नाही जमलं तर वहीत एक ओळ वाढेल इतकंच. पुन्हा लिहाल तेव्हा वहीची पहिली दोन पानं उतरवून पाठवा. वेळ नसेल तर ‘आजी गेली’ किती वेळा आलंय तेवढं कळवा, मी तिथून पुढे सांगते.